डब्यातली भाजी आणि बांधावरची भाजी



आज आपण भाजीचा पाठ वाचणार आहोत. तुम्ही म्हणाल, भाजीचा कसला आलाय पाठ? भाजी निवडायला, चिरायला, फोडणीला टाकायला कुणी शिकवावे लागते काय? नाही लागत. पण भाजी रोज किती खावी, कोणती खावी, आणि हल्ली डब्यातून जी हिरवी पूड विकायला येते ती भाजीच्या जागी चालते का, हे समजून घ्यायला हवे. हा प्रश्न आमच्याच एका रात्रीच्या वर्गात निघाला. कसा निघाला, ते आधी सांगतो.

१. डबा वर्गात आला

डोंगराच्या अंगाचे एक गाव. तिथे आमचा बायकांचा वर्ग चालतो. जेवणखाण उरकून पंधरा-वीस जणी देवळाच्या ओसरीवर जमतात. त्यांत एक सासू आणि तिची सून अशा दोघीही येतात. सून पाच महिन्यांची गरोदर होती. नवरा शहरात कामाला.

एके दिवशी सून पदराखाली एक डबा घेऊन आली. डब्यावर हिरवीगार पाने छापलेली. आत हिरवी पूड, आणि पूड मोजायला एक लहान चमचा.

सून म्हणाली, "बाई, ह्यांनी पाठवलाय शहरातनं. मोबाइलवर जाहिरात बघितली म्हणं. वीस भाज्यांची ताकद एका चमच्यात आहे. रोज एक चमचा पाण्यात कालवून घेतला, की भाजी खायला नको आन् गोळ्याबी नकोत."

आम्ही विचारले, "कसल्या गोळ्या?"

"त्या लाल गोळ्या. आशाताई देतात त्या. त्यांनी मळमळतं मला. आन् परसाकडंबी काळं होतं. म्हणून सोडल्या मी. महिना झाला."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी सांगतेच हिला. अगं, आम्ही कुठं गोळ्या खाल्ल्या? बांधावरची भाजी खाल्ली, पाच लेकरं झाली. ना गोळी, ना डबा!"

झाले! वर्गात दोन तट पडले. तरण्या पोरी डब्याच्या बाजूने, म्हाताऱ्या बांधाच्या बाजूने. आम्ही म्हणालो, "भांडू नका. आता तुम्हांला वाचता येते ना? मग डबाच वाचू. काय लिहिले आहे ते पाहू, मग ठरवू."

२. डब्यावर काय लिहिले होते

डब्यावर पुढच्या बाजूला मोठी अक्षरे असतात. ती विकणाऱ्याची अक्षरे. मागच्या बाजूला बारीक अक्षरे असतात. ती कायद्याने छापावी लागतात. शहाण्या माणसाने आधी मागची बाजू वाचावी.

मागचा मजकूर इंग्रजीत होता. एकीचा मुलगा नववीत शिकतो. त्याला बोलावले. तो वाचत गेला, आम्ही फळ्यावर मराठीत लिहीत गेलो.

पहिली गोष्ट : डब्यात काय काय आहे त्याची यादी. या यादीचा एक नियम आहे. जी वस्तू वजनाने सर्वांत जास्त, तिचे नाव पहिले. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. या डब्यात पहिले नाव होते गव्हांकुराच्या पुडीचे. दुसरे नाव होते माल्टोडेक्स्ट्रिनचे. ही भाजी नव्हे. मक्यासारख्या धान्याच्या पिठुळापासून केलेली ती पांढरी पूड असते. मग स्पिरुलिना, मग शेवगा, मग पालक, आणि शेवटी तुळस, आले, लिंबाचा वास असे काय काय.

दुसरी गोष्ट : वजन. डब्यात एकूण १५० ग्रॅम पूड. एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम. तीस दिवसांचा माल.

तिसरी गोष्ट : किंमत. ९०० रुपये.

चौथी गोष्ट : अगदी तळाशी दोन वाक्ये. एक, 'औषध म्हणून वापरू नये.' दुसरे, 'रोजच्या मिश्र आहाराच्या जागी घेऊ नये.'

मुलाने हे वाचले आणि ओसरीवर सगळ्या गप्प झाल्या. सून म्हणाली, "म्हंजे डबाच सांगतोय, का भाजीच्या जागी मला खाऊ नका?"

होय. डबाच सांगत होता. पण बारीक अक्षरांत.

३. हिरवी भाजी हवी कशाला?

भाकरीने पोट भरते. डाळीने अंग भरते. मग भाजी कशाला?

भाजीत थोडी थोडी पण फार मोलाची द्रव्ये असतात. मिठावाचून जेवण अळणी, तसे या द्रव्यांवाचून शरीर कमकुवत. हिरव्या पाल्यात असे एक द्रव्य असते, की त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले तर आधी रातांधळेपणा येतो, आणि लहान मुलांचे डोळे कायमचेही जाऊ शकतात. पाल्यात चुना असतो, तो हाडांना लागतो. लोह असते, ते रक्ताला लागते. चोथा असतो, त्याने पोट साफ राहते.

आणखी एक द्रव्य असते. त्याचे नाव फोलेट. त्याची हकीकत आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली डॉक्टर लुसी विल्स या इंग्रज बाई मुंबईत आल्या. कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका प्रकारच्या पंडुरोगाने पांढऱ्याफटक पडत होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पण त्या अर्कात नेमके कोणते द्रव्य होते, ते तेव्हा कळले नाही. पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पाल्यातून ते वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून त्याचे नाव पडले. म्हणजे नावातच पान आहे!

पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडताना हे द्रव्य फार लागते. तेही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. म्हणून लग्न झालेल्या मुलीने दिवस जायच्या आधीपासूनच हिरवा पाला खावा.

४. किती भाजी हवी?

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्या लोकांनी काय खावे, किती खावे, याचा अभ्यास तिथे चालतो. या संस्थेने २०२४ साली जे सांगितले, त्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. बटाटा, रताळे या हिशेबात धरू नका. ती पिठूळ कंदमुळे. ती भाकरीच्या बाजूची.

चारशे ग्रॅम म्हणजे किती? आम्ही वर्गात तराजू आणला. निवडलेली मेथी दोन-तीन ओंजळी टाकली, तेव्हा काटा १०० ग्रॅमवर आला. म्हणजे रोज दोन-तीन ओंजळी पाला, आणि बाकी वांगी, गवार, भेंडी, दोडका, भोपळा, टोमॅटो, मुळा, गाजर, कांदा अशी मिळेल ती भाजी.

एक आजी म्हणाल्या, "पाच माणसांच्या घराला दोन किलो भाजी झाली की वं! रोज दोन किलो कुठनं आणायची? बाजारचा भाव म्हाईत हाय का तुम्हांला?"

आजींचे म्हणणे खरे आहे. आम्हीही ते मानतो. कालवणात चार फोडी आणि वर तिखट रस्सा, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. ती खोडीने नव्हे, महागाईने पडली आहे. म्हणून एकदम चारशेवर उडी मारू नका. आज जेवढी खाता त्यात एक ओंजळ वाढवा. महिन्याने आणखी एक वाढवा. आणि एक गोष्ट मनाशी धरा. घरात भाजी कमी असली, की ती कुणाच्या ताटात कमी पडते? शेवटी जेवणारीच्या. बाई सगळ्यांना वाढते आणि स्वतः तवलीला लागलेले पुसून खाते. आपल्या देशात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर केलेल्या पाहणीत हे दिसले. म्हणून भाजी आधी वाटून घ्या, मग जेवायला बसा.

५. चमच्याचा हिशेब

आता डब्याचा हिशेब मांडू. पाटी-पेन्सिल घ्या.

१५० ग्रॅम पुडीला ९०० रुपये. म्हणजे एका ग्रॅमला ६ रुपये. म्हणजे किलोला ६,००० रुपये!

एका माणसाला रोजचा खर्च ३० रुपये. घरात पाच माणसे असली तर रोज १५० रुपये, महिन्याला ४,५०० रुपये. एवढ्या पैशांत भाजीच्या किती जुड्या येतील, ते तुमच्या गावच्या बाजारभावाने तुम्हीच काढा.

आता चमच्यात भाजी किती आहे ते पाहू. हिरव्या पाल्यात पाणीच जास्त असते. १ किलो पालक पूर्ण वाळवला तर साधारण १०० ग्रॅम पूड राहते. शेवग्याचा पाला जरा घट्ट. १ किलो पाला वाळवला तर पाव किलोच्या आसपास पूड राहते. म्हणजे ५ ग्रॅमचा चमचा सगळाच्या सगळा पालकाचा असला, तरी तो ५० ग्रॅम ताज्या पालकाएवढा. सगळा शेवग्याचा असला, तर २० ग्रॅम ताज्या पाल्याएवढा. कुठे २० ग्रॅम, कुठे ५० ग्रॅम, आणि कुठे ४०० ग्रॅम!

आणि त्या चमच्यात वीस वस्तू. पाच ग्रॅमचे वीस वाटे केले तर एकेकाच्या वाट्याला पाव ग्रॅम येते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. वीस पाहुण्यांना एक भाकर वाटली, तर नाव वीसांच्या जेवणाचे होते, पण पोट कुणाचेच भरत नाही.

म्हणजे डबा लबाड आहे काय? सगळेच डबे लबाड नसतात. गव्हांकुर, शेवगा, पालक या चांगल्याच वस्तू. स्पिरुलिना ही पाण्यात वाढणारी शेवाळासारखी सूक्ष्म सजीव वस्तू. आफ्रिकेत चाड तलावाच्या काठचे लोक ती गोळा करून, वाळवून, कालवणात घालतात. मेक्सिको देशातले जुने लोकही टेक्सकोको तलावातून ती काढून खात. त्यांच्या दारात तळे होते, त्यांनी तळ्यातले खाल्ले. आपल्या दारात बांध आहे.

पण तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगून ठेवतो.

एक : नुसती शाकाहारी माणसे स्पिरुलिना 'ब-१२' जीवनसत्त्वासाठी घेतात. पण त्यातले बहुतेक 'ब-१२' माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे खावेत किंवा डॉक्टरला विचारावे.

दोन : रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिन नावाची गोळी जे घेतात, मूत्रपिंडाचा आजार ज्यांना आहे, मुतखडा ज्यांना होतो, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय अशी पूड घेऊ नये.

तीन : डब्यावर अन्नखात्याच्या परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि वापरण्याची मुदत आहे का ते पाहावे. नसेल तर तो डबा घरात आणू नये.

६. आमची एक चूक

इथे आमचीही एक चूक सांगतो. दुसऱ्याचे उणे सांगायचे आणि आपले झाकायचे, हे बरे नव्हे.

काही वर्षांमागे आम्ही गावोगाव शेवग्याच्या पाल्याची पूड करायला शिकवत होतो. उत्साहाच्या भरात म्हणालो, "एक चमचा पूड आमटीत टाका, भाजीची काळजी मिटली." बायकांनी ऐकले. पुढे एका घरी जेवायला बसलो. ताटात भाकरी, आमटी आणि मिरचीचा ठेचा. भाजी नाही. आम्ही विचारले तर घरधनीण म्हणाली, "पूड टाकलीया की आमटीत. तुम्हीच सांगितलं होतं."

घरी येऊन आम्ही पुडीचे दहा सपाट चमचे तोलले. तीस ग्रॅम भरले. म्हणजे एक चमचा ३ ग्रॅमचा. ३ ग्रॅम पूड म्हणजे १२ ग्रॅम ताजा पाला. आणि तीही एका माणसाला नव्हे, सबंध घराच्या आमटीत! आम्ही त्या बाईच्या ताटातली भाजी काढून घेतली होती. चांगली गोष्ट सांगताना हिशेब सांगायचा राहिला, की असे होते.

तेव्हापासून आम्ही असे सांगतो : पूड ही भाजीची जोड आहे, भाजीची जागा नव्हे. भाजी मिळते त्या दिवशी भाजी खा. उन्हाळ्यात भाजी आटते, तेव्हा पूड हाताशी असू द्या.

७. पाला वाळवण्याची रीत

पाला वाळवणे आपल्याला नवे नाही. हरभऱ्याचा पाला खुडून वाळवून ठेवायचा आणि पुढे डाळ-दाण्याचे कूट घालून त्याची भाजी करायची, ही आपल्या आज्यांची रीत. तीच शेवग्याला लावायची.

कोवळा, हिरवा, कीड नसलेला पाला घ्यावा. पिवळी पाने काढून टाकावीत. स्वच्छ पाण्याने दोन वेळा धुवावा आणि पाणी निथळू द्यावे. मग घरात किंवा छपराखाली, जिथे वारा खेळतो पण ऊन येत नाही अशा जागी, स्वच्छ धुतलेल्या धोतरावर पातळ पसरावा. उन्हात टाकला तर रंग जातो आणि रंगाबरोबर गुणही जातो. वरून पातळ फडके घालावे, म्हणजे धूळ-माश्या बसणार नाहीत. दिवसातून दोनदा हलवावा. तीन-चार दिवसांत पान हातात चुरले जाते. तसे चुरले, की उखळात कुटून चाळून घ्यावे.

बरणी कोरडी ठणठणीत असावी. चमचाही कोरडा असावा. बरणी अंधाऱ्या जागी ठेवावी. एकदम वर्षाची पूड करू नये; दोन-तीन महिन्यांची करावी. कुबट वास आला, गोळे झाले किंवा बुरशी दिसली तर जीव न दुखवता फेकून द्यावी. बुरशी विषारी असू शकते.

वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरेचसे जाते. म्हणून पूड घातलेल्या आमटीवर लिंबू पिळावे, किंवा जेवणात आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर असावी. पूड थालीपिठात, भाकरीच्या पिठात, चटणीत, झुणक्यातही चालते.

८. बारा महिने भाजी कशी मिळेल?

दारात एक शेवगा लावावा. पावसाच्या तोंडाला मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी लावली तरी जगते. बी लावले तरी येते. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. देशावर मात्र कित्येक घरी शेंगा खातात आणि पाला शेळीला घालतात! शेळी शहाणी. आपणही थोडे तिच्याकडून शिकावे. मात्र शेवग्याची फांदी ठिसूळ असते. मुलांना वर चढू देऊ नये.

मोरीचे सांडपाणी वाया घालवू नये. ते वळवून दोन-तीन लहान वाफे करावेत. पालक, मेथी, माठ, चुका, शेपू, आलटून-पालटून पेरावे. मेथी-पालक महिन्या-सव्वा महिन्यात खुडायला येतात. भांडी घासायला साबण जास्त लागत असेल, तर ते पाणी पाल्यावर न घालता शेवगा, केळ अशा झाडांना द्यावे.

पावसाळ्यात रानभाज्या येतात. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरी, फोडशी, करटोली. फुकटचे धन! ऋषिपंचमीला आपण अनेक भाज्या एकत्र करून खातो, भोगीला भोगीची भाजी करतो. जुन्या माणसांनी सण घालून दिले, त्यांत भाजीही गुंफून दिली. पण दोन गोष्टी पाळा. ओळखीच्या जाणत्या माणसाने दाखवलेलीच रानभाजी खुडा. आणि औषधफवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची भाजी घरात आणू नका.

भाजी करतानाही थोडे भान हवे. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. उकडलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे. फोडणीला थोडे तेल हवेच, कारण 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्य तेलावाचून अंगी लागत नाही. लोखंडी कढई असेल तर उत्तम. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. तासभर तरी थांबावे.

९. सुनेचे पुढे काय झाले?

डबा वाचून झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही सुनेला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. सासूबाईही आल्या. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. गरोदर बाईचे ते ११ तरी असावे लागते. ७ च्या खाली गेले तर जिवाला मोठा धोका. बाळंतपणात थोडे रक्त सगळ्यांचेच जाते. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला ते सोसत नाही.

सासूबाईंनी नर्सबाईंना विचारले, "पालेभाजी खायला घातली तर भरून नाही का यायचं?"

नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, भाजी घालाच. पण पाल्यातले लोह अंगी फार थोडे लागते. आणि आता वेळ थोडा आहे. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आहे आणि फोलिक ॲसिडही आहे. एवढे लोह भाजीतून अंगी लागायचे नाही. सहा महिने, १८० दिवस, रोज गोळी घ्यायची असते. हिचे रक्त जास्तच कमी आहे, म्हणून हिला किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील."

मळमळीवरही उपाय सांगितला. गोळी उपाशीपोटी न घेता रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरे. चहा-दुधाबरोबर घेऊ नये. चुन्याची गोळी आणि लोहाची गोळी एकदम घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आणि परसाकडे काळे होते ते लोहामुळे. त्यात भिण्यासारखे काही नाही.

परतताना सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, मी म्हणाले ना, पाच लेकरं झाली. सहा झाली होती. चौथ्या खेपेला माझं रक्त लई गेलं. मी वाचले. पण ते लेकरू हाती लागलं नाही. तवा कुणी रक्त तपासलं नव्हतं. आम्ही म्हणलं, नशीब."

सून वाटेतच थांबली आणि तिने सासूचा हात धरला.

त्या घरात आता असे चालते. सासूबाई सकाळी बांधावर जाऊन पाला खुडून आणतात. सुनेचे ताट आधी वाढतात. रात्री जेवण झाले, की गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. डबा संपला. दुसरा आणला नाही. त्या ९०० रुपयांत नवऱ्याने दुसऱ्या महिन्यात अंडी, शेंगदाणे, डाळ आणि भाजी आणली.

आठव्या महिन्यात रक्त पुन्हा तपासले. १०.६ भरले. अकराला अजून थोडे कमी आहे. गोळी चालू आहे.

मंडळी, अक्षरे शिकलो ती कशासाठी? सही करता यावी, एस.टी.ची पाटी वाचता यावी, एवढ्यासाठीच नव्हे. कुणी मोठ्या अक्षरांत काही सांगितले, तर मागची बारीक अक्षरे आपल्याला वाचता यावीत, यासाठीही शिकलो.

ध्यानात ठेवा

रोज दोन-तीन ओंजळी पाला आणि बाकी मिळेल ती भाजी खावी.
पूड ही भाजीची जोड आहे, भाजीची जागा नव्हे.
गोळीचे काम पूड करीत नाही, आणि भाजीचे काम गोळी करीत नाही.
कोणताही डबा घेण्याआधी मागची बाजू वाचावी.

प्रश्न

१. डब्यावरच्या यादीत पहिले नाव कोणत्या वस्तूचे असते?
२. पाला उन्हात का वाळवू नये?
३. १ किलो शेवग्याचा पाला वाळवला, तर साधारण किती पूड राहते?
४. लोहाची गोळी केव्हा घ्यावी? कशाबरोबर घेऊ नये?

करून पाहा

आज रात्री घरात शिजलेली भाजी शिजवण्याआधी किती होती, ते तोलून किंवा ओंजळीने मोजून वहीत लिहा. घरातल्या माणसांनी तिला भागा. उद्या वर्गात वही आणा. ज्यांची भाजी कमी भरेल त्यांनी लाजू नये. सगळ्या मिळून वाढवण्याची वाट शोधू.